तीन माणसांचा नारळ

— नाही नाही, तुळशीरामभाऊ, अगदी योग्य ठिकाणी आलात. मुलीचा बाप गव्हाणहून पनवेलला चौकशीला येतो आणि विचारतो कुणाला, तर शेजाऱ्याला! शेजारी काय सांगणार? त्याचं एक तर भांडण असतं, नाहीतर सोयरीक. शहाण्या बापानं किराणावाल्याला विचारावं. येतात ना माझ्याकडे — आधी उगाच बडीशेप घेतात, मग म्हणतात, अमुक घर कसं आहे हो? तुम्ही बडीशेप न घेता थेट विचारलंत, आवडलं आपल्याला. फक्त एक सांगून ठेवतो — दिनानाथ गिऱ्हाइकाच्या घरातलं बाहेर बोलत नाही. तेवढा नियम आहे. बाकी विचारा काय विचारायचं ते.

काशिरामदादांचं घर ना? प्रितेशसाठी? मुलगा चांगला, तळोज्याला कंपनीत पर्मनंट, सुपारीचं खांडही तोंडात नाही. त्यांनी काय सांगितलं तुम्हाला — घरात तीन माणसं? बरोबर आहे. काशिरामदादा, भीमावहिनी, प्रितेश. त्यात प्रितेश शिफ्टला असला की कँटीनला जेवतो, म्हणजे धरा अडीच. तुमची रिया कळंबोलीच्या ऑफिसातून दमून येणार आणि तिला किती जणांच्या भाकऱ्या थापाव्या लागणार, हीच काळजी ना? रास्त आहे. माझी बहीण असती तर मीही हेच विचारलं असतं. तीन म्हणजे तीन.

आता तुम्ही म्हणाल, दिनानाथ, तू कधी त्यांच्या घरात जाऊन डोकी मोजलीस का? अहो, मोजायला कशाला जायचं — सामान सांगतं. मी दहावी नापास, पण एवढं शिकलो. आमच्या गल्लीत दोन भाऊ वेगळे झाले. आठ माणसं, चार-चार वाटली. मला वाटलं, तोंडं तेवढीच, माल तेवढाच जाणार. भात तेवढाच गेला, पण तेल वाढलं, हिंग वाढला, मोहरी वाढली, चहा तर विचारू नका. का? भात तेवढाच, पण फोडण्या दोन! घर फुटलं की रडतात सगळे, हसतो फक्त वाणी — आणि तोही आत जाऊन हसतो. किंवा आमचे अमजदभाई घ्या. कुवेतला गेले. मी म्हटलं, एक खाणारा गेला, तांदूळ कमी मागवू. फसलो की! बायको हव्वाबी एकटी कशी राहणार, म्हणून सोबतीला तिची आई आली, आईच्या मागे मावशी आली — नुसता बिर्याणीचा तांदूळ संपतोय माझ्याकडचा. एक गेला आणि घर मोठं झालं. काशिरामदादांकडे तसंच, गणपतीपासून तांदळाची गोणी निम्म्या महिन्यातच —

काय? नाही, म्हणजे भूक चांगली आहे त्यांची. समुद्राकडची माणसं, भात लागतो. गोड बिस्किटं नेतात, त्या दोन मिनिटांत होणाऱ्या शेवया नेतात — कोण खातं म्हणजे? काशिरामदादा खातात. दात नाहीत त्यांना. भीमावहिनी स्वतःच म्हणतात ना, “दिनानाथ, शेवया दे रं, नायतर पोर जेवाची नाय —”

हं. पोर म्हणजे पाहुणी. पाहुण्यांची मुलगी. येतात हो पाहुणे, घर आहे ते, धर्मशाळा... तसं नाही. गणपतीला आलेले पाहुणे अजून कसे, असं विचारताय? आता तिचं शाळेत नाव घातलंय म्हटल्यावर — बरोबर आहे तुमचं. पाहुण्यांची मुलं शाळेत घालत नाहीत.

ऐका, मीच सांगतो, बाहेरून वेडंवाकडं कळण्यापेक्षा. सुमती. काशिरामदादांची थोरली, प्रितेशची बहीण. पेणला दिली होती. नवरा नीट निघाला नाही. आता कोर्टाचा कागद झालाय, सगळं रीतसर. लेकीला घेऊन माहेरी आली. लपवायचं म्हणून नाही लपवलं त्यांनी. भीमावहिनींना वाटलं, आधी मुलगी पसंत होऊ दे, मग सांगू. चूक झाली, मान्य. पण माणूस कसं आहे ते बघा ना! सुमती घरात आल्यापासून भीमावहिनींनी तयार मसाला नेणं बंद केलं, ही घरी कुटते. आवाज नाही, तक्रार नाही. चहात तिला आलं चालत नाही, गवती चहा लागतो. मी मुद्दाम मागवतो — नाही, दुसरं कुणी घेत नाही तो. असू दे, सुकला तर सुकला.

तर मुद्दा असा, की तुमची रिया त्या घरात पाय ठेवेल तेव्हा सुमती तिथे नसेल. घर पुन्हा लहान. माझा शब्द. कशावरून? धंद्यातला अंदाज हो. आता एकट्या माणसाचंच बघा — बायको जाऊन बरीच वर्षं झाली आपली. एकट्या माणसाला या बाजारात काही मापाचं मिळत नाही. नारळ फोडला की अर्धा वास मारतो. मी स्वतः नारळ विकतो आणि घरी बिनखोबऱ्याची आमटी खातो! दोघांनाही एक नारळ जरा जास्तच होतो. तीन माणसांना बरोबर लागतो. म्हणजे दोन मोठी आणि एक लहान —

तुम्ही हसताय का?

नाही. तिला नाही विचारलं. काशिरामदादांनाही नाही. कसं विचारणार? ती येते, गवती चहा घेते, मी वजन करतो. वजन करताना विचारायची गोष्ट आहे का ती?

काय म्हणालात? ... पुन्हा सांगा. मी जाऊन विचारलं तर तुम्ही रियाचा होकार घेऊन मागोमाग याल, आणि नाही विचारलं तर इथूनच परत गव्हाण? अहो, हा कुठला सौदा झाला! प्रितेशचं लग्न माझ्या तोंडावर कशाला टांगताय? आणि ती नाही म्हणाली तर? ... तरी याल? म्हणजे मी नुसतं विचारायचं. ... खरं बोलणारा एक तरी माणूस त्या घरात गेलेला बघायचाय? घ्या! वाण्याकडनं हे पहिल्यांदाच मागितलं कुणी.

आज? भर दुपारी? दुकान उघडं टाकून?

— नाही ताई, साखर नाही. दिसतेय, माहीत आहे मला. ती आहे, पण दुकान नाही. संध्याकाळी या.

आता बघताय काय तुळशीरामभाऊ, व्हा जरा बाहेर. शटर ओढायचंय.