रोवनच्या उजवीकडून

(इंग्लंडच्या डोंगराळ कम्ब्रियातलं एक गाव. डोंगरावर धावण्याच्या शर्यतीचा दिवस. मैदानाच्या कडेला उभी केलेली गाडी. आत म्हातारा नवरा-बायको. काचांवर वाफ धरली आहे.)

मेव्हिस : बाहीनं काच पुसू नकोस, स्वेटरचे धागे चिकटतात. ती पिन दे इकडे.

हेडली : कुठली?

मेव्हिस : मांडीवर डबी आहे तुझ्या. छातीवर नंबर लावायचाय, चारी कोपऱ्यांना पिना लागतात. इतकी वर्षं मी तुझे नंबर लावले, कधी टोचलं नाही तुला.

हेडली : दोनदा टोचलंस.

मेव्हिस : ते मुद्दाम.

हेडली : मग हलू नकोस आता. ... वाकडा बसला.

मेव्हिस : राहू दे. त्र्याहत्तरीच्या बाईचा नंबर कोण बघतंय.

हेडली : क्लिफर्ड बघेल. उभा असेलच फाटकाशी, सगळ्यांची वेळ टिपायला घड्याळ घेऊन. तुझा नंबर तर पाठ असेल त्याला.

मेव्हिस : ऐंशीचा झालाय क्लिफर्ड.

हेडली : डोळे अजून चांगले आहेत त्याचे.

मेव्हिस : सुरू झालं. सकाळी फोन कुणाचा होता रे? मी बाथरूममध्ये होते तेव्हा.

हेडली : राँग नंबर.

मेव्हिस : राँग नंबरशी एवढा वेळ बोललास?

हेडली : बोलका माणूस होता. शिट्टी घेतलीस? नकाशा? वर धुकं आहे.

मेव्हिस : घेतलं सगळं. शर्यतीपर्यंत धुकं उठेल. हेडली, आता शेवटचं विचारते. क्रॅगवरून, त्या शेवटच्या माथ्यावरून, खाली कुठून यायचं?

हेडली : डोंगरावरून.

मेव्हिस : डोंगरावरून सगळेच येतात. मी तुझी वाट विचारतेय.

हेडली : शर्यतीचा नियम ठाऊक आहे ना तुला? तीन माथे, तिन्हींवरच्या दगडांच्या राशींना हात लावायचा आणि फाटकातून मैदानात यायचं. मधे कुणी कुठून जावं हे ज्याचं त्यानं शोधायचं. मी माझी शोधली. हिवाळेच्या हिवाळे मेंढरांच्या मागून हिंडलो तिच्यासाठी.

मेव्हिस : आणि आता कोण वापरतंय ती? मेंढरंच.

हेडली : वापरू देत.

मेव्हिस : तुझा खुबा बदललाय. डॉक्टर म्हणाले, चाला, पण धावायचं नाव काढू नका. बरोबर घेऊन जाणार आहेस का ती वाट?

हेडली : जागा लागत नाही तिला फार.

मेव्हिस : एनिडला बरी दाखवलीस.

हेडली : कोण म्हणालं?

मेव्हिस : एनिडच म्हणाली. चहाच्या तंबूत, सगळ्यांसमोर. 'हेडलीनं एकट्या मला त्याची वाट दाखवली.' जशी काही बोटात अंगठी घातली होतीस. त्याच वर्षी बायकांना पहिल्यांदा धावू दिलं होतं, आठवतंय? एनिड धावायची चड्डी घालून डोंगरावर, आणि मी फाटकाशी. कडेवर जेफ्री, काखेत तुझा स्वेटर, हातात थर्मास.

हेडली : तू कधी म्हणालीच नाहीस, मला धावायचंय म्हणून.

मेव्हिस : तू कधी विचारलंस? घरी यायचास, खुर्चीत पडायचास आणि म्हणायचास, 'दमलो.' मला वाटायचं, बिचारा दमून येतो. एकसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा धावले. चर्चपर्यंत गेले आणि भिंतीला धरून ओकले. आणि मग त्या उन्हाळ्यात एकदा दुसऱ्या माथ्यावरून तिसऱ्याकडे निघाले होते. तिथे ती लांबलचक सपाटी आहे ना?

हेडली : कापसाळ गवताची.

मेव्हिस : तीच. तिथे पाय आपले आपण चालायला लागले. मी कुणाची आई नव्हते, आजी नव्हते, शाळेच्या स्वयंपाकघरातली बाई नव्हते. श्वास तेवढा होता माझा. आणि असा राग आला मला तुझा. हे तू एकटा खात होतास, इतकी वर्षं, आणि मला सांगत होतास 'दमलो'.

हेडली : दमायचोच की.

मेव्हिस : गप्प बस.

हेडली : आणि तू काय करतेस? दर मंगळवारी धावून येतेस वरून. गाल लाल, तोंडानं गुणगुणणं चाललेलं. दोन अंडी जास्तीची खातेस. मी विचारतो, कसं होतं वर? म्हणतेस, छान. मला तिथला दगडन्‌दगड माहीत आहे, मेव्हिस. आणि मला 'छान' सांगतेस?

मेव्हिस : तुला वाईट वाटू नये म्हणून.

हेडली : वाटायचं ते वाटतंच. हेवा वाटतो मला तुझा. ऐकलंस? सख्ख्या बायकोचा. धावण्याचं सोड, तू पायात मोजे घालतेस ना उभ्या उभ्या, त्याचासुद्धा वाटतो. तू वर गेलीस की मी खिडकीत बसतो आणि मनातल्या मनात म्हणतो, पाऊस येऊ दे. भिजून लवकर परत येऊ दे हिला.

मेव्हिस : पाऊस आवडतो मला.

हेडली : ठाऊक आहे. त्याचंही वाईट वाटतं.

मेव्हिस : चहा घेतोस?

हेडली : नको. धावायच्या आधी तूही घेऊ नकोस. भिंतीआड पळावं लागेल.

मेव्हिस : बरं. नको सांगूस वाट. नेहमीसारखी एनिडच्या मागून जाईन. दरवर्षी पुढे असतेच ती, बाराव्यांदा कप नेईल, नेऊ दे. क्रॅगखालची भिंत ओलांडायची, ते एकटं रोवनचं झाड आलं की त्याच्या डावीकडून...

हेडली : डावीकडून?

मेव्हिस : डावीकडूनच. तिथल्या दलदलीत मागच्या वर्षी माझा बूट गेला. एका पायात नुसता मोजा घालून आले मी मैदानात. तेव्हाही हसला होतास. आता काय झालं हसायला?

हेडली : हसत नाहीये.

मेव्हिस : गाडी हलतेय, हेडली.

हेडली : वारा आहे बाहेर.

मेव्हिस : वारा नाही. इकडे बघ. ... ती वाट डावीकडून नाहीच आहे.

हेडली : मी काही बोललो का?

मेव्हिस : तू तिला खोटी वाट सांगितलीस.

हेडली : तिनं गोड बोलून विचारलं. तोंडावर नाही कसं म्हणायचं? आणि त्या वर्षी सरावात ती चढावर माझ्या पुढे होती. अख्खा क्लब फाटकाशी उभा, आणि मी एका बाईच्या मागून मैदानात आलो असतो तर? तोंड दाखवायला जागा राहिली असती?

मेव्हिस : ती बिचारी तेव्हापासून चिखल तुडवतेय.

हेडली : मला वाटलं, पहिल्याच वर्षी कळेल तिला.

मेव्हिस : कसं कळेल? ती म्हणते, हेडलीची वाट आहे, चिखल असला तरी जवळचीच असणार. आणि मी तिच्या मागून! बारा वर्षं, हेडली. त्या चिखलावर जळतेय मी बारा वर्षं.

हेडली : मला काय ठाऊक तू जळतेस ते.

मेव्हिस : मग आता खरी सांग.

हेडली : तुला गरज नाही तिची.

मेव्हिस : म्हणजे?

हेडली : एनिड धावत नाहीये आज. सकाळचा फोन तिचाच होता. काल अंगणात घोटा मुरगळला. तुमच्या वयाच्या गटात तुम्ही दोघीच. कप तुझा झाला. रांगत आलीस तरी तुझा.

मेव्हिस : आणि हे तू मला आत्ता सांगतोस?

हेडली : आधी सांगितलं असतं तर निवांत झाली असतीस. मजेत धावली असतीस.

मेव्हिस : काय माणूस आहेस रे तू.

हेडली : सांगितलं ना, हेवा वाटतो म्हणून.

मेव्हिस : कप मिळो न मिळो. वाट सांग मला.

हेडली : कशाला पण?

मेव्हिस : तरी सांग.

हेडली : ... भिंत ओलांडलीस की रोवन. त्याच्या उजवीकडून जायचं. वाटतं, पुढे कडाच आहे, पाय टाकला की संपलं. थबकू नकोस. दोन पावलं गेलीस की गवत लागतं. मेंढरांनी खाऊन खाऊन गुळगुळीत केलेलं. तिरकं उतरायचं, थेट नेच्यांपर्यंत. मागे रेलू नकोस, टाचा रोवू नकोस. पाय सोडून दे.

मेव्हिस : आणि हे तरी खरं कशावरून? एनिडलाही असंच तोंड करून सांगितलं असशील.

हेडली : फाटक दिसेल तुला. डावीकडून आलं की खालच्या कुरणात उतरेपर्यंत फाटक दिसत नाही. उजवीकडून लगेच दिसतं. कोण उभं आहे तेसुद्धा कळतं.

मेव्हिस : म्हणजे मी दिसायचे तुला?

हेडली : लाल स्कार्फ दिसायचा.

मेव्हिस : मला कसा नाही दिसलास कधी वर?

हेडली : खालून नुसता ठिपका दिसतो. माणूस की मेंढरू, ओळखू येत नाही. आणि तू वर बघायचीस कुठे? शेजारी क्लिफर्ड असायचा. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातानं तुझ्यावर छत्री धरलेली. आणि तू मान मागे टाकून हसायचीस.

मेव्हिस : विनोद सांगायचा तो.

हेडली : वर ऐकू नाही यायचे मला.

मेव्हिस : थांब थांब. सगळा गाव म्हणायचा, उतारावर हेडलीला कुणी गाठू शकत नाही. पाय आहेत की चाकं, म्हणायचे. ते काय म्हणून?

हेडली : वाट तशी फार जवळची नाहीये. थोडंफार अंतर वाचत असेल.

मेव्हिस : हेडली माउन्सी!

हेडली : आता हस. मोठ्यानं हस.

मेव्हिस : जेफ्रीला सांगू दे मला हे. बाप त्याचा क्लिफर्डच्या छत्रीसाठी धावायचा.

हेडली : कुणाला सांगायचं नाही. शर्यतीचं बोल. पहिल्या चढावर घाई करू नकोस.

मेव्हिस : आता कसली घाई. कप मिळालाच, एनिड नाही, सावकाश येईन सपाटीचं गवत बघत. तू गाडीतच बस. गार वारा आहे, खुबा ठणकेल.

हेडली : छे, फाटकाशी उभा राहणार आहे मी. तुझा स्वेटर घेऊन. एनिडही येतेय, काठी टेकत. थर्मास आणते म्हणाली, आल्याचा केकही केलाय. म्हणाली, इतक्या वर्षांत तुझ्याशी निवांत बोलणंच झालं नाही हेडली, आज दोघं मिळून बघू शर्यत.

मेव्हिस : केकसुद्धा?

हेडली : काय झालं?

मेव्हिस : रोवनच्या उजवीकडून म्हणालास ना?

हेडली : उजवीकडून. चल, बोलावतायत सगळ्यांना.

मेव्हिस : थांब जरा. बुटांच्या लेस पुन्हा बांधते. घट्ट.