फळ्यावर माझंच नाव

नाही आनंदराव भाऊ, पुसनार नाही मी — आन् माफीही लिहिनार नाही. वस्तीच्या समितीचे अध्यक्ष तुम्ही, घरी चालून आले, बसा, चहा मांडते — पन फळ्यावरचं एक अक्षर हलनार नाही. काय म्हनता? बाईमानसानं चौकात असं लिहू नये? काहून लिहू नये? विहाराजवळचा फळा साऱ्या वस्तीचा हाये ना? कोनाची म्हैस हरवली, कोनाचं बारसं, पोट्टे तं सिनेमाचे डायलाग लिहितात — कोनी पुसाले जाते काय? मी लिहिलं, बायाच्या संडासाले दारं नाहीत, समितीनं भोंगा आनला, दारं नाही आनले — आन् खाली नाव टाकलं, प्रेमिला. तं संध्याकाळपर्यंत त्याखाली लोकांच्या ओळींची हे गर्दी! ‘चूल कोन पेटवते?’ ‘हिच्या नवऱ्याले बांगड्या द्या.’ कोनाच्या नावाचा पत्ता नाही त्यात. माझंच तेवढं नाव.

आता एक आठवा. मागच्या बुद्धजयंतीले आमच्या घरच्यानं — बळीरामनं, हो, नाव घेते — ह्याच फळ्यावर दारांचंच लिहिलं होतं. तुम्हीच भोंग्यावरून वाचून दाखवलं, हार घातला, ‘बळीराम, तुह्या लेखनीत आग हाये’ म्हनलं. भाऊ, ते आन् कालचं — भोंग्याची ओळ सोडली, तं एका शब्दाचा फरक नाही. तेव्हा आग होती, औंदा निर्लज्जपना कसा झाला? दारं तं तेव्हाही नव्हते, आताही नाहीत! आमची उत्तरा बारा वर्षांची झाली, मी तिच्यापुढं लुगडं धरून उभी राहते, आन् पोट्टे शिट्ट्या मारून राहिले.

नक्कल? मी त्याचं उचललं म्हनता? — हसू नको तं काय करू! तीन वर्षं त्याच्या नावानं जे जे आलं, ते मी धंतोलीच्या दवाखान्यात, ड्युटीवर, रद्दी कागदाच्या मागं लिहिलं. मी चौथी शिकलेली. तो मिलमध्ये अंगठा लावत होता — ह्या दारापुढं राख पसरून, त्याचं बोट धरून, मी एक एक अक्षर गिरवून घेतलं. मंग तो माझा कागद पाहून फळ्यावर उतरवत जाय. लोकं त्याले मास्तर म्हनाले लागले. मले बरं वाटे — खोटं कशाले सांगू, लय बरं वाटे. त्याचा मान तो माझाच मान, असंच समजत होते मी. औंदा म्हने, संडासाचं पुन्हा लिहीत नाही, पानठेल्यावर लोकं हसतात. म्हनलं, नको लिहू. मी लिहिते.

कोन ते? ती सगळ्यात घान ओळ? ‘नवरा पुरला नाही म्हनून फळ्यावर आली’ — ती? त्याचा शोध नका घेऊ. राहू द्या. मले माहीत हाये कोन. कसं म्हंजे? ज्याचं बोट धरून गिरवलं, त्याचं अक्षर मले नाही समजनार —

— बोलून गेले. आता ऐकलं, तं ऐकलं. हो, त्यानंच. चार लोकं हसले असतील, ह्यानं आपली इज्जत वाचवाले खडू उचलला. पन रडत नाही मी, असं पाहू नका.

बोलवा सभा. येते मी, उत्तराले घेऊन येते, दारांचं तिथंही बोलते. आन् समितीले फळ्यावर माफी पाहिजेच असंल, तं त्याले लिहाले लावा. खाली नाव टाकाले लावा. लिहिता येते त्याले आता. — नाही, चहा राहू द्या. निघा भाऊ. जयभीम.