ईशाचा गांजा आणि माझं तोंड

एवढंच? अहो, तुम्हाला सांगतो, मलकपेठहून अंबरपेठपर्यंत तो ट्रॅफिक, तो धूर, वर ऑटोवाल्याचं 'कायकू टेन्शन लेरे साब?'... आणि त्या समुपदेशक बाईंनी पोरीशी चार गप्पा मारून घरी पाठवलं. एवढंच?

पोरगी कोणाची? माझीच! ईशा, कॉलेजचं शेवटचं वर्ष. तिच्या आईनं, वंदनानं, गच्चीवर गांजा ओढताना पकडली. आमचं घराणं वकिलांचं, मी गप्प बसणार? रोज उलटतपासणी! फुफ्फुसं, खानदान, भविष्य... तर म्हणते, 'बाबा, लाइट लो ना, एवढं मनावर काय घेता!' लाइट? झोपून राहिली नि पेपर बुडवला, आता काय आकाशकंदील लावू?

त्या बाई म्हणजे त्रिवेणीताई. मी मुद्दे पाठ करून गेलेलो, आणि बाई पोरीला विचारतात, 'गांजात तुला आवडतं काय?' आवडतं काय?! बिर्याणी आहे का ती? मी 'हरकत आहे!' म्हणत उठलो, तर 'साहेब, जरा बाहेर बसता?' मला! भर कोर्टात कुणी बाहेर काढलं नाही, त्या मला!

आता दार पातळ, त्यात माझा काय दोष? आतून ईशा म्हणत होती, 'डोकं शांत होतं हो. घरात कुणी शांत नसतं.' मग अगदी हळू... 'पण पेपर बुडाला तेव्हा मी घाबरले. आता ओढल्याशिवाय झोपच येत नाही.'

तुम्हाला सांगतो, माझ्या अख्ख्या उलटतपासणीत हे वाक्य निघालं नव्हतं.

पुढे ऐका! बाई म्हणतात, 'मग काय करावं असं तुला वाटतं?' म्हणजे शिक्षा आरोपीलाच विचारायची! ती म्हणाली, 'कॉलेज असेल त्या दिवशी नको. आणि गच्चीवर एकटी नको.' 'जमेल?' 'बघते.' एवढंच? शपथ नाही, अंगारा नाही, कानाखाली आवाज नाही!

पुन्हा गेलो, पुन्हा गप्पा. मध्ये एकदा घसरली, तर स्वतः जाऊन सांगितलं... ताईंना हो, मला कशाला! ताई रागावल्यासुद्धा नाहीत. 'त्या दिवशी काय झालं होतं?' एवढंच!

आणि आता? कमी केलंय. बुडालेला पेपर दिला. सकाळी उठून स्वतः चहा करते. माणसानं चिडायचं तरी कशावर?

उलट ताईंचा मलाच उपदेश! 'ती बोलत असताना तुम्ही मध्ये बोलायचं नाही.' मी ऐटीत म्हटलं, एवढंच? वंदना हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती.

काल जेवताना ईशा आपणहून काहीतरी सांगायला लागली. मी तोंड उघडलं... वंदनानं त्यात पापड कोंबला! घरी बोलायची सोय नाही, म्हणून तर इथे येऊन तुम्हाला गाठलं... अहो, निघालात कुठे? बरं... जा. तोंडात कोंबायला पापड आहे माझ्याकडे.