वरचं पिवळं पाणी

(सकाळचे सव्वाअकरा. रुग्णालयातली रक्त काढायची खोली. आरामखुर्चीत धाकटा भाऊ, उजव्या हातात सुई. शेजारी स्टुलावर थोरली बहीण.)

परिचारिका : सव्वाअकराला सुरू झालं, तसं लिहिते. मूठ मिटा, उघडा, काका. थांबू नका.

धाकटा : मिटतोय हो. पण ही दोन बोटं ऐकत नाहीत. पहिलं आणि मधलं. नेमकी ब्रश धरायची.

परिचारिका : दुखतात?

धाकटा : सकाळी फार. ड्रॉइंग मास्तर होतो मी शाळेत. आता कपाचा कान धरायचा म्हणजेसुद्धा कसरत. ताई, इकडे बघ ना. भिंतीवर काय ठेवलंय?

ताई : घड्याळ आहे.

धाकटा : बघा, सिस्टर. या बाईंनी उभा जन्म रक्तावर संशोधन केलं, आणि सुई दिसली की तोंड भिंतीकडे.

ताई : लोहावर. रक्तावर नाही.

परिचारिका : मॅडम, तुम्ही सुईला घाबरता?

ताई : घाबरत नाही. आवडत नाही. रक्त काढायचं काम तंत्रज्ञांचं होतं. नळी हातात आली की पुढचं माझं.

धाकटा : आणि नळीच्या मागचं माझं! घरात धाकटा भाऊ रिकामा बसलाय, धडधाकट, दोन-दोन पायऱ्या गाळून जिना चढतोय. म्हणाली, चल, थोडंसं रक्त दे.

ताई : रिकामाच होतास. निकाल लागायचा होता.

धाकटा : लागला. नापास झालो, पुन्हा बसलो, पास झालो, नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, तिचं लग्न झालं. हिचं थोडंसं रक्त आपलं चालूच.

परिचारिका : इतकी वर्षं? एकाच माणसाचं?

ताई : एकाच माणसाचं हवं होतं. माणूस बदलला की आकडे बदलतात. जुन्या झालेल्या रक्तपेशी शरीर रोज मोडतं, त्यातलं लोह काढून नव्या पेशींना देतं. ते कसं होतं, हे बघायचं होतं. त्याला ताज्या पेशी लागायच्या. दर तीन महिन्यांनी एक पिशवी.

धाकटा : तळघर आठवतं, ताई? जिना उतरतानाच तो वास.

ताई : आम्लाचा. भांडी रात्रभर आम्लात असायची. काचेला लोहाचा कण चिकटलेला असला तरी मोजणी फुकट.

धाकटा : आई विचारायची, तुझ्या कपड्यांना उंदीर लागलेत का? भोकंच भोकं. आणि दारावरची पाटी!

ताई : ‘लोखंड बाहेर ठेवा.’

धाकटा : किल्ल्या बाहेर, कमरेचा पट्टा बाहेर. एकदा मी दोन्ही हातांनी पँट धरून उभा, आणि तुमचे मोठे सर परदेशी पाहुण्यांना घेऊन आत आले. हात मिळवायला एकेक पाहुणा हात पुढे करतोय.

ताई : तू वाकून नमस्कार केलास. हात न सोडता.

धाकटा : इज्जत वाचली!

परिचारिका : हसा, पण मूठ चालू ठेवा.

धाकटा : आणि तिचे आलेख मी काढायचो, सिस्टर. तेव्हा कुठले संगणक? काळी शाई, गुळगुळीत कागद, अक्षरंसुद्धा हातानं. एकदा एक ठिपका रेषेपासून लांब पडला होता. डोळ्याला खुपत होता. मी आपला हळूच आत सरकवला.

ताई : मी तो कागद फाडला.

धाकटा : टराटरा. माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. म्हणाली, जिथं पडलाय तिथंच मला हवाय. मग पुढं तोच ठिपका बरोबर निघाला असेल ना?

ताई : नाही. ती नळी नीट धुतलेली नव्हती. नंतर कळलं.

धाकटा : अगं, मग मी सरकवला ते बरंच केलं की!

ताई : नाही केलंस.

धाकटा : ही अशी. आणि छापील निबंधात माझं नाव कुठं, तर शेवटच्या पानावर आभारात. ‘एका निरोगी पुरुष दात्याचे आभार.’ आईनं विचारलं, यात तू कुठायस? मी म्हटलं, हा काय. त्या दिवसापासून घरात मला तेच नाव. ‘निरोगी पुरुष दात्या, कचरा टाकून ये.’

ताई : आईला ते फार आवडलं होतं. पाहुण्यांना वाचून दाखवायची.

धाकटा : आणि तो तुझा पहारेकरी, ताई? ज्याच्यामागे तू नऊ वर्षं होतीस?

ताई : पहारेकरी तू म्हणायचास. यकृतात तयार होणारं संप्रेरक. खाल्लेल्यातलं लोह किती आत घ्यायचं, ते त्यावर ठरतं. दुसऱ्या प्रयोगशाळेला आधी सापडलं.

धाकटा : त्या दिवशी घरी येऊन तू भांडी घासत बसलीस. घासलेलीच.

ताई : त्यांचं काम चांगलं होतं.

धाकटा : आणि माझ्यात नेमकं तेच बिघडलेलं. पहारेकरी जन्मापासून पेंगतोय म्हणे. अख्ख्या जगात शोधत होतीस, आणि तो तुझ्याच घरात जेवत होता.

ताई : लोह आत येत राहतं. जादा झालेलं बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. रक्त गेलं तरच जातं.

परिचारिका : म्हणजे मॅडम, तुम्ही यांचं रक्त घेत होता तोवर...

ताई : तोवर साठलं नाही. मी निवृत्त झाले आणि ते थांबलं. त्यानंतर अकरा वर्षं साठत गेलं. बोटांच्या सांध्यांत, यकृतात.

धाकटा : तरी मी म्हणत होतो, निवृत्त होऊ नकोस.

ताई : हे भावंडांतही असू शकतं, म्हणून माझी तपासणी करून घेतली मी परवा. माझं ठीक आहे.

धाकटा : तू? सुई टोचून घेतलीस?

ताई : घेतली.

धाकटा : भिंतीकडे बघून?

ताई : भिंतीकडे बघून.

धाकटा : वा! म्हणजे निरोगी दाता घरात होताच. माणूस चुकला फक्त. ...ताई, एक विचारू?

ताई : विचार.

धाकटा : त्या गरगर फिरवायच्या यंत्रातून नळी काढलीस की खाली लाल, वर पिवळं पाणी. लाल ठेवून घ्यायचीस, पिवळं बेसिनमध्ये ओतून द्यायचीस. मी समोर बिस्किट खात बघत बसायचो. रंग सुरेख होता, म्हणून लक्षात राहिलं. माझं हे दुखणं... त्या पिवळ्यात दिसलं असतं?

ताई : हो.

धाकटा : कधीही?

ताई : जवळजवळ कधीही. साठायच्या आधीसुद्धा त्या पाण्यात लोह जास्त दिसतं. साधी चाचणी आहे. शेजारच्या टेबलावर आम्ही ती रुग्णांची रोज करत होतो.

धाकटा : मग माझी का नाही?

ताई : तू निरोगी होतास. तसं लिहिलेलं होतं.

धाकटा : कोणी लिहिलं होतं?

ताई : मी.

परिचारिका : काका, मूठ.

धाकटा : हो, हो. ...बरं, समजा दिसलं असतं. काय केलं असतंस?

ताई : डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

धाकटा : आणि त्यांनी काय सांगितलं असतं?

ताई : दर तीन महिन्यांनी एक पिशवी रक्त काढा.

धाकटा : म्हणजे तेच! वर बिस्किट नाही ते नाहीच.

ताई : हसू नकोस, बाब्या. त्यांनी ते अकरा वर्षांपूर्वी थांबवलं नसतं.

धाकटा : ...नसतं. खरं आहे.

परिचारिका : झालं. भरली पिशवी. कापूस दाबून धरा. दुसऱ्या हातानं, काका.

धाकटा : या पिशवीचं आता काय करता?

परिचारिका : नष्ट करतो. आजारासाठी काढलेलं रक्त आम्ही कुणाला देत नाही.

धाकटा : अख्खी? आमच्या ताईनं कधी एक थेंब फुकट घालवला नाही.

ताई : घालवला. आत्ताच सांगितलंस ना तू.

धाकटा : मी तसं म्हणालो नाही.

ताई : माहीत आहे.

धाकटा : कालच्या स्कॅनचं बोल. यकृत कडक झालं असेल तर?

ताई : बहुतेक पुन्हा मऊ होत नाही. मग कर्करोगाची भीती राहते, कायम लक्ष ठेवावं लागतं. झालं नसेल, तर हे एवढं रक्त काढणं पुरे.

धाकटा : तुला काय वाटतं?

ताई : अहवाल आला की सांगीन.

धाकटा : मनातलं विचारतोय. अंदाजानं सांग की. माझ्या समाधानासाठी.

ताई : नाही.

धाकटा : ठिपका सरकवणार नाहीस.

ताई : नाही सरकवणार.

परिचारिका : मॅडम, ही नळी आजच्या तपासणीची. नमुने पोचवणारे आमचे मामा आज आलेले नाहीत. कोपऱ्यातल्या प्रयोगशाळेच्या खिडकीत नेऊन द्याल का? पण आधी अर्धा तास...

ताई : उभी ठेवायची. हलवायची नाही. दे.

धाकटा : आणि स्कॅनचा अहवाल, सिस्टर?

परिचारिका : बघते हं. ...नाही, संगणकावर अजून चढवलेला नाही. दुपारी एकपर्यंत येईल म्हणतात. इथंच बसा दोघं. बिस्किट देऊ?

धाकटा : विचारता काय! (वीस मिनिटांनी.) ताई, अगं, बघतेयस की नळीकडे. मगाशी भिंत बरी वाटत होती.

ताई : गोठतंय. वर पिवळं दिसायला लागलं, थोडंसं.

धाकटा : दाखव. हां, तोच रंग. दोन्ही हातांनी धर.

ताई : धरलीय.

धाकटा : आला का ग अहवाल?

ताई : अजून नाही.