वरच्या माइकची खरखर

...आणि परत काळी म्हणतात! अहो, नारिंगी असते ती विमानातली पेटी, भडक नारिंगी, मी रोज हाताळतो, तरी वाशीच्या बसस्टॉपवर कोणीही येऊन विचारतं, काय रे नंदू, तुझी काळी पेटी बरी आहे ना? जसं काय माझी म्हैसच ती. समजावून सांगावं तर ऐकायला थांबतंय कोण? तुम्ही बसलायत, तर तुम्हाला सांगतो. कॉकपिटमध्ये जे बोललं जातं ते ती टेप करते. पण किती? शेवटचा अर्धा तास. टेप गोल फिरते, नवीन चढलं की जुनं पुसलं जातं. साफ.

आता माझं काम तिची टेस्ट. कॉकपिटमध्ये बसायचं, चार माइक, एकेकात बोलायचं, मीटरची सुई हलली की ओके. बोलायचं काय? एक, दोन, तीन. पण मला काम शिकवणारे फजलभाई, उरणचे, पहिल्याच दिवशी म्हणाले, "बालवाडीत हायस काय? घरी बोलता येत नाय ते बोल. पुसलं जातं." ते स्वतः सासऱ्यांना जे काय ऐकवतात ना... जाऊ दे, लेडीज बसल्यात. पण आमच्या खात्याचा हा रिवाजच. कोणी साहेबाला झापतं, कोणी रडून घेतं. पुसलं जातं.

मला बोलायचं होतं बाबांशी. हसू नका. मी कंडक्टरशी बोलतो, भाजीवाल्या चांगुणाबाईशी बोलतो, कोणी नसलं तर भिंतीशी बोलतो, पण बाबांसमोर बसलो की तोंडाला कुलूप. आई होती तोवर माझं त्यांना सांगायची, त्यांचं मला. आई गेली आणि लाइनच कट. "मीठ?" "आहे." झालं जेवण.

आणि बाबा कुठे कामाला? आमच्याच कंपनीत, वर्कशॉपला. विमानातून काढलेल्या पेट्या तिथे येतात, बाबा कानाला हेडफोन लावून टेप ऐकतात, आवाज स्पष्ट असला की सही करतात. एकाच बसने जातो आम्ही, वेगवेगळ्या सीटवर.

तर एक दिवस दत्तू दलाल दारात. "कमळाकरराव, रविवारी पार्टी आणतो फ्लॅट बघायला. न्हावा शेव्याला बंदर होतंय, हीच वेळ आहे." मला तेव्हा कळलं, की बाबा रिटायर होऊन, घर विकून, देवरुखला चुलत्यांकडे चाललेत. मला विचारलं? नाही. मी विचारलं? मीही नाही. "मीठ?" "आहे."

मग त्या शुक्रवारी कॉकपिटमध्ये, छताला असतो ना तो वरचा माइक, त्याला सगळं सांगितलं. "बाबा, नका जाऊ. सकाळी दोन कप चहा टाकायची सवय आहे मला, दुसरा कोणाला देऊ? जन्मभर परक्यांचे आवाज ऐकलेत तुम्ही, पण आईचा आवाज आपल्याकडे कुठंच नाही. तुम्हीही टेप केला नाही, मीही नाही. निदान तुमचा खोकला तरी राहू दे घरात." सुई मस्त हलली. मी नाक ओढलं, उतरलो, चहाला गेलो. एकदम हलका. टेन्शन कशाला, पुसलं जातं.

परत येतो तर विमानाच्या शेपटीजवळ फजलभाई, हातात पेटी. "तपासणीची तारीख आली हिची. तू उतरलास तशी वीज काढली, आता वर्कशॉपला पाठवतो."

अहो, वीज गेली की टेप जागच्या जागी थांबते. शेवटचं बोलणं तसंच राहतं. त्यासाठीच तर बनवलीय ती. पुसलं जातं, पुसलं जातं करत आम्ही विसरूनच गेलो, की तिचं खरं काम न पुसण्याचं.

शनिवारी बसमध्ये बाबा माझ्या पुढच्या सीटवर. मान वळवली नाही. रात्री मीठसुद्धा विचारलं नाही.

रविवारी सकाळी समोर येऊन बसले, चष्मा पुसला. "वरच्या माइकवर खरखर आहे. शब्द लागत नाहीत. रिटेस्ट."

"म्हणजे?"

"समोर बसून परत बोल."

मी तोंड उघडलं. तुम्हाला सांगतो, एवढा बोलका माणूस मी... "एक," म्हटलं. "दोन. तीन."

तेवढ्यात बेल. दारात दत्तू, मागे पार्टी, सफारी घातलेली. बाबा उठले, दार अर्धंच उघडलं. "नाही द्यायचं. वापरात आहे." आणि लावून घेतलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चहा टाक. दोन."

आणि ती टेप? फजलभाईंना विचारलं. म्हणाले, "तुझ्या बाबांनी पेटीत नवीन टेप घातली. जुनी खराब म्हणून काढली." खराब कसली. आमच्या कपाटात आहे, आईच्या साड्यांखाली, परवा इस्त्रीचे कपडे ठेवताना हाताला लागली.

पुसलं जातं म्हणे. अख्ख्या घराण्याचा एकच आवाज जपून ठेवलाय त्या माणसाने, आणि त्यात मी नाक ओढतोय.