पारा अठ्ठ्याण्णवलाच का थांबला

महादेवीवहिनी, रेणुका, आणि प्रयोगशाळेच्या या बाकांवर पुन्हा येऊन बसलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

छत्तीस वर्षं मी इथे विज्ञान शिकवलं. बोलायची सवय आहे. आज मात्र कुठे अडखळले तर सांभाळून घ्या. टेबलावर स्पिरिटचा दिवा पेटवलाय, वर पाणी ठेवलंय. कशाला, ते शेवटी सांगते.

ज्यांच्या शोकसभेला आपण जमलोय, ते सिद्राम या प्रयोगशाळेचे परिचर. तुम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचात. मी नुसतं 'सिद्राम' म्हणायचे. वयाने ते माझ्याहून मोठे होते.

पाणी किती अंशाला उकळतं, हा प्रयोग आठवतो? पुस्तकात शंभर. म्हणून तुमच्या वहीत शंभर. अठ्ठ्याण्णव लिहिलं की माझी लाल फुली. कितीजणांना मिळाली ती फुली? हात वर करू नका. मला ठाऊक आहे.

एकदा वर्ग सुटल्यावर मामा म्हणाले, "बाई, पानी तर लई उकळतंय. पन पारा अठ्ठ्याण्णवच्या पुढं सरकंना की."

मी म्हणाले, "थर्मामीटर खराब आहे."

"धाच्या धा खराब?"

"सिद्राम, काचसामान धुवा."

त्यांनी धुतलं. प्रश्न मात्र सोडला नाही.

त्यांचे साडू कोकणात समुद्रकाठी नोकरीला होते. मे महिन्याच्या सुट्टीत मामा तिकडे गेले. जाताना एक थर्मामीटर पंच्यात गुंडाळून नेला. तिथे गॅसवर पाणी ठेवून पाऱ्याकडे बघत बसले. मेहुणी म्हणाली, "दाजी, पाण्याला ताप आलाय का?" वहिनी, हे तुम्हीच मला परवा सांगितलंत. सांगताना हसलातसुद्धा.

शाळा उघडली त्या दिवशी मामा माझ्यापुढे उभे. चेहरा उजळलेला. "बाई, तितं शंभर भरलं! थर्मामीटर चांगला हाय. मंग हितंच का कमी?"

मुलांनो, याला विज्ञान म्हणतात. शंका आली, तपासून पाहिलं, पुढचा प्रश्न विचारला. आणि मी, विज्ञानाची पदवीधर, काय म्हणाले?

"शाळेची वस्तू कुणाला विचारून बाहेर नेलीत?"

त्यांना मेमो मिळाला. तक्रार मी लिहिली होती.

त्याच संध्याकाळी मी पुस्तक उघडलं. आपलं सोलापूर समुद्रसपाटीपासून बरंच उंच. इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी शंभराच्या आधीच उकळतं. दोन ओळींचं उत्तर. मी ते त्यांना सांगितलं का? नाही. सांगितलं असतं तर तुमच्या वह्यांवरच्या सगळ्या फुल्या माझ्यावर उलटल्या असत्या. पुढच्या वर्षी पुन्हा शंभरच लिहून घेतलं. या वेळी माहीत असून. मामा तिथे, बेसिनपाशी, पाठमोरे उभे होते.

त्यानंतर त्यांनी मला काहीच विचारलं नाही. निवृत्त होईपर्यंत नाही. नंतर रस्त्यात भेटायचे, नमस्कार करायचे, प्रकृती विचारायचे. मी दरवेळी ठरवायचे, आज सांगू. दरवेळी घाई असायची. माणसाची जिज्ञासा मारायला मला एक वाक्य पुरलं. उत्तर द्यायला उरलेलं आयुष्य पुरलं नाही.

वहिनी, माझं चुकलं. हे मी चार भिंतींत नाही, या सगळ्यांसमोर म्हणते आहे.

आता उभे राहू या. दोन मिनिटं मोजायची नाहीत. पाणी खळखळेपर्यंत शांत राहायचं. मग मामांची नात रेणुका पारा वाचेल. बाळ, जो दिसेल तोच आकडा सांग, मोठ्याने.

सिद्राममामा, या वेळी मी वहीत तोच लिहीन.