पहिल्या भागाचा आवाज

लेको, माझं गाण्यांचं पॉडकास्ट कुठं सुरू झालं, माहितंय का? हसनाबादला, घरच्या कापसाच्या खोलीत. कापसाच्या ढिगात आवाज बिलकुल घुमत न्हाई. पहिले पाहुणे आमचे मामा, धनगरी ओव्या गाणारे. त्यांनी सूर धरला अन् बाहेर कापूस न्यायला आलेल्या टेम्पोचा हॉर्न वाजला. मामांची ओवी तर मधात थांबत न्हाई. बाबा दाराबाहेरून ओरडले, “जल्दी आटप, व्यापारी वापस चालला!” मामा डोळे मिटून गाऊन राह्यले, मी दाराकडं बघून हात जोडून राह्यलो. कशीबशी ओवी संपली, मंग हमाल आत शिरले.

दुसरा भाग टाकला, तर एकानं विचारलं, “भाऊ, पहिल्यात आवाज लय भारी होता, आता घुमून का राह्यला?”

मी लिहून टाकलं, “स्टुडिओ विकला.”